इन्सुलिनचा जीन सगळ्याच पेशींत आहे, मग चालतो फक्त स्वादुपिंडातल्या बीटा सेलमध्येच का?

झोपाळू_बायोटेक

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोटेक दुसरं वर्ष. आमच्याकडे 'इन्सुलिन जीनचं रेग्युलेशन' हा प्रश्न पेपरात फिरून फिरून येतो आणि सगळे जण एकच उत्तर लिहितात, की पीडीएक्स-1 नावाचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारं प्रोटीन) प्रमोटरला, म्हणजे जीनच्या पुढ्यातल्या तुकड्याला, चिकटतो, ग्लुकोज वाढलं की जीन ऑन होतो, संपलं. मार्कही मिळतात. पण मला ते काही पचत नाहीये.

कारण वाचताना दिसलं की पीडीएक्स-1 ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) पण असतो, आणि स्वादुपिंडातच शेजारी बसलेल्या डेल्टा सेलमध्ये पण असतो. मग तिथे इन्सुलिन का बनत नाही? न्यूरोडी-1 हा दुसरा फॅक्टर म्हणावा तर तो मेंदूत पण आहे आणि अल्फा सेलमध्ये पण. मग बीटा सेलकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही?

दुसरं म्हणजे जेवल्यावर दहा मिनिटांत इन्सुलिन रक्तात वाढलेलं असतं. तेवढ्या वेळात जीन ऑन झाला, एमआरएनए (जीनची कामापुरती नक्कल) बनला, प्रोटीन बनलं, कापलं गेलं, पॅक झालं आणि बाहेर पण पडलं? हे गणित बसत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या एवढं खोलात सिलॅबसला नाही (त्यांच्यावर राग नाही, त्यांना पोर्शन संपवायचा असतो).

कोणी बीटा सेलवर काम केलेलं असेल तर सोप्या भाषेत सांगा, पण प्लीज पातळ करून नको.

आयलेटवाला

बीटा सेलच्या लाइन्स सांभाळण्यात बरीच वर्षं घालवलीत, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं समजतो. तू म्हटलं तर चालेल ना, वयाने मोठा असणार मी.

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो. जेवल्यावर जे इन्सुलिन रक्तात येतं ते त्या जेवणासाठी बनवलेलं नसतंच. एका बीटा सेलमध्ये साधारण 10,000 ग्रॅन्यूल भरून तयार असतात, आत जस्ताबरोबर सहा-सहाच्या गटात इन्सुलिन रचून ठेवलेलं. ग्लुकोज आत गेलं, ग्लुकोकायनेज या एन्झाइमने ते धरलं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढला, पोटॅशियमचे चॅनल बंद झाले, कॅल्शियम आत घुसलं की मेंब्रेनला टेकून बसलेल्या ग्रॅन्यूल रिकाम्या होतात. यात जीनचा काही संबंध नाही, ट्रान्स्क्रिप्शन बंद पाडणारं औषध घातलं तरी हा पहिला झटका येतोच.

त्याच्या मागोमाग, वीसेक मिनिटांपासून पुढे, सेलमध्ये आधीच पडून असलेल्या एमआरएनएवरून नवीन प्रीप्रोइन्सुलिन बनायचा वेग कितीतरी पटीने चढतो. एमआरएनए तेवढाच असतो, फक्त रायबोसोम त्याच्यावर तुटून पडतात. 110 अमिनो ॲसिडची साखळी, तिचं 24 चं सिग्नल पेप्टाइड निघून जातं, उरतं 86 चं प्रोइन्सुलिन, त्यातून मधला 31 चा सी-पेप्टाइड कापला जातो आणि हातात येतं 51 चं इन्सुलिन. (बेरीज चार कमी भरते, कारण कापताना दोन्ही टोकांची दोन-दोन बेसिक अमिनो ॲसिड गळतात. हे एमसीक्यूला हमखास विचारतात म्हणून सांगितलं.)

जीनचा नंबर तिसरा. त्याचा हिशोब तासांचा आणि दिवसांचा, कारण इन्सुलिनचा एमआरएनए भयंकर टिकाऊ आहे. रॅटच्या आयलेटवर (स्वादुपिंडातले बीटा सेल असलेले पुंजके) 1985 साली मोजलेलं आहे, कमी ग्लुकोजमध्ये हाफ-लाइफ (निम्मा साठा मोडायला लागणारा वेळ) साधारण 29 तास आणि जास्त ग्लुकोजमध्ये 77. म्हणजे ग्लुकोज नवा एमआरएनए बनवायला लावतंच, वर जुना मोडूही देत नाही. त्याच्या शेपटाला, म्हणजे 3 प्राइम यूटीआरला, पीटीबी नावाचं प्रोटीन येऊन बसतं ते याच कामासाठी.

त्यामुळे 'ग्लुकोज वाढलं की जीन ऑन' हे वाक्य वाचून जे चित्र डोक्यात येतं तेच मुळात चुकतं. बीटा सेलमध्ये हा जीन रात्रंदिवस चालूच असतो, उपाशी असताना कमी, खाल्ल्यावर जास्त, एवढंच. खऱ्या अर्थाने ऑन तो एकदाच होतो, गर्भात बीटा सेल घडत असताना, आणि ते ऑन होणं ग्लुकोजच्या हातात नसतं. उत्तर लिहिताना हे दोन प्रश्न वेगळे कर. एक, कुठल्या पेशीत चालायचं. दोन, चालतोय तिथे किती जोरात चालायचं. तुमच्याकडे सगळे दोन्हीची खिचडी करून लिहितात म्हणून गोंधळ होतो.

आता 'कुठे' बघू. माणसाचा आयएनएस जीन 11व्या क्रोमोसोमच्या आखूड हाताच्या टोकाशी, 11पी15.5. जेमतेम 1,400 बेसचा, तीन एक्सॉन (एमआरएनएत राहणारे तुकडे) दोन इंट्रॉन (स्प्लाइस होताना कापून टाकले जाणारे), एवढासा जीव. आणि कुठल्या पेशीत चालायचं हे ठरवणारा बराचसा मजकूर त्याच्या अगदी पुढ्यात, सुरुवातीच्या जागेपासून मागे 300-400 बेसमध्ये आहे. 1983 साली रटर यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅबने हा पुढचा तुकडा काढून एका बॅक्टेरियाच्या जीनला जोडला आणि वेगवेगळ्या पेशींत टाकला, तर तो इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत चालला, बाकीकडे नाही. 1985 मध्ये हॅनाहान यांनी रॅटच्या इन्सुलिन प्रमोटरला एसव्ही40 व्हायरसचा कॅन्सर करणारा जीन लावून माउस बनवले, त्या माउसना ट्यूमर झाले ते बीटा सेलचेच. अख्ख्या प्राण्याच्या प्रत्येक पेशीत तो तुकडा होता, तरी पेटला तिथेच. मला वाटतं हा प्रयोग एकदा नीट समजला की प्रमोटर म्हणजे काय हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

त्या 300-400 बेसमध्ये काय लिहिलंय ते जवळून बघ. मधेमधे टी-ए-ए-टी अशी चार अक्षरं येतात, ते ए बॉक्स, तिथे पीडीएक्स-1. मग सी-ए, मधली दोन कुठलीही, मग टी-जी, हा ई बॉक्स, तिथे एकटा कोणी बसत नाही, न्यूरोडी-1 आणि ई47 अशी जोडी बसते. आणि त्याला लागूनच सी1 नावाची जागा, तिथे मॅफ-ए. शिवाय सीएएमपी या पेशीतल्या निरोप्याचा निरोप घेणारी सीआरई ही जागा, जीएलपी-1 या आतड्याच्या हार्मोनचा निरोप काही अंशी तिथून पोचतो.

आता तुझं कोडं. हे प्रकरण जमिनीच्या फाइलसारखं आहे, तलाठी, सर्कल आणि तहसीलदार तिघे एका दिवशी एका ऑफिसात सापडले तर काम होतं, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या जागी रोज हजर असूनही तुझी फाइल हलत नाही. डेल्टा सेलमध्ये पीडीएक्स-1 आहे पण मॅफ-ए नाही. अल्फा सेलमध्ये न्यूरोडी-1 आहे पण पीडीएक्स-1 नाही, उलट एआरएक्स हा फॅक्टर आहे जो त्या पेशीला अल्फाच ठेवतो. मेंदूतल्या न्यूरोडी-1 ला तिथे पीडीएक्स-1 भेटत नाही. ड्युओडेनममधल्या पीडीएक्स-1 ला मॅफ-ए भेटत नाही. ई47 तर गावभर आहे. तिघांत सगळ्यात कमी ठिकाणी सापडणारा म्हणजे मॅफ-ए, वयात आलेल्या प्राण्याच्या स्वादुपिंडात तो जवळपास बीटा सेलपुरताच. आणि तिघे एकत्र बसले की परिणाम बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो, एकेकटा घातला तर प्रमोटर जेमतेम हलतो.

आणखी एक अट म्हणजे जागा उघडी पाहिजे. बीटा सेलमध्ये या प्रमोटरच्या सीपीजी जागांवर (डीएनएत सी नंतर जी येतो तिथे) मिथाइल, म्हणजे जीन दाबणारी खूण, नसतं, बाकीच्या बहुतेक पेशींत असतं. हा फरक इतका पक्का आहे की रक्तात बिनमिथाइलचा इन्सुलिन डीएनए सापडला तर कुठेतरी बीटा सेल मरतायत असं ओळखायच्या टेस्टवर लोक काम करतायत.

राहिलं 'किती'. कमी ग्लुकोजमध्ये पीडीएक्स-1 हिस्टोन डीअॅसिटिलेज या एन्झाइमला बरोबर घेऊन बसतो म्हणजे क्रोमॅटिन (हिस्टोन प्रोटीनवर गुंडाळलेला डीएनए) आवळलेलं राहतं, ग्लुकोज वाढलं की त्याच्यावर फॉस्फेटचे बदल होतात आणि तोच पीडीएक्स-1 आता पी300 या दुसऱ्या एन्झाइमला बोलावतो, पी300 हिस्टोन एच4 वर अॅसिटिल चढवतो आणि वाट मोकळी होते. माणूस तोच, सोबत बदलली. मॅफ-ए चं तर आणखी सरळ आहे, कमी ग्लुकोजमध्ये त्याच्यावर खूण लावून त्याला प्रोटिएसोमकडे (प्रोटीन मोडणाऱ्या यंत्रणेकडे) पाठवलं जातं, त्यामुळे सेल लाइन 2 मिलिमोलर ग्लुकोजवर ठेवली तर वेस्टर्न ब्लॉटवर मॅफ-ए चा बँड जवळपास दिसेनासा होतो आणि 16-20 वर ठेवली की पुन्हा दिसतो. (रक्ताच्या रिपोर्टच्या आकड्यात 5 मिलिमोलर म्हणजे 90 एमजी/डीएल.)

लांबलं जरा. चहा घेऊन येतो.

झोपाळू_बायोटेक

दादा, दोन प्रश्न वेगळे करा हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं, वही काढून परत लिहितेय सगळं. एक शंका, हे तीन फॅक्टर खरंच पुरेसे आहेत हे कोणी उलट बाजूने दाखवलंय का? म्हणजे दुसऱ्याच पेशीत घालून?

आयलेटवाला

दाखवलंय की. 2008, हार्वर्डला मेल्टन यांची लॅब. वयात आलेल्या माउसच्या स्वादुपिंडात व्हायरसमधून तीन जीन सोडले, एनजीएन3, पीडीएक्स-1 आणि मॅफ-ए. पाचक रस बनवणाऱ्या एक्सोक्राइन पेशींतल्या काही चक्क इन्सुलिन बनवायला लागल्या आणि दिसायलाही बीटा सेलसारख्या झाल्या. आता यात न्यूरोडी-1 कुठे गेला असं विचारशील, तर तो एनजीएन3 च्या हाताखालचा, एनजीएन3 आला की मागून तो येतो.

पण 'पुरेसे' हा शब्द जपून वापर. एक्सोक्राइन पेशी ही बीटा सेलची सख्खी चुलत, दोघी एकाच गर्भकळीतून आलेल्या. हेच तीन कातडीच्या फायब्रोब्लास्टमध्ये घातले तर असं सरळ होत नाही. आणि माउसवरून माणसावर उडी मारताना पण सांभाळून, माउसच्या बीटा सेल जन्मानंतर मॅफ-बी सोडून देतात, माणसाच्या बीटा सेल तो मोठेपणीही ठेवतात.

ओपीडीवाली_ताई

मेडिसिन प्रॅक्टिस करते. वरचं वाचून मजा आली, कारण हे फॅक्टर आम्हाला पेशंटच्या कागदावर दिसतात, फक्त वेगळ्या नावाने.

पीडीएक्स-1 ची एक प्रत बिघडली तर मोडी-4, न्यूरोडी-1 बिघडला तर मोडी-6 (मोडी म्हणजे एकाच जीनच्या बिघाडाने लवकर वयात होणारा डायबिटिस). पीडीएक्स-1 च्या दोन्ही प्रती गेल्या तर बाळ स्वादुपिंडाशिवाय जन्माला येतं, अशी केस 1997 ला छापून आली आणि त्याच घरातल्या एकच प्रत बिघडलेल्या लोकांना लवकर वयात डायबिटिस होता. आणि मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे काही नवजात बाळांना डायबिटिस होतो त्यात इन्सुलिन प्रोटीनचा कोड शंभर टक्के ठीक असतो, चूक असते ती प्रमोटरमध्ये, प्रोटीनचा कोड सुरू होतो तिथून 331 बेस मागे एकाच अक्षरात, सी च्या जागी जी. आई-बाबा दोघांकडून तशी प्रत आली की जीनचा आवाज एवढा खाली येतो की बाळाला इन्सुलिन सुरू करावं लागतं. हे काम 2010 चं आहे. आयलेटवाले ज्या तुकड्याबद्दल बोलतायत, तो एवढा महत्त्वाचा.

दुसरं, किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांना टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नवीन डायबिटिस होतो. घरचे म्हणतात पथ्य पाळत नसतील. तसं नाही हो. टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम अडवतं, त्याने एनएफएटी हा फॅक्टर न्यूक्लियसमध्ये जात नाही, आणि इन्सुलिनच्या प्रमोटरवर एनएफएटीच्या पण जागा आहेत. कारणं इतरही आहेत, स्टिरॉइड असतातच सोबतीला, पण हे एक पक्कं.

आणि ग्लुकोटॉक्सिसिटी. इथे लोक फसतात. थोड्या वेळापुरतं ग्लुकोज वाढलं तर जीन जोरात चालतो हे बरोबर, पण आठवडेच्या आठवडे साखर 300 च्या वर राहिली तर उलटं होतं, बीटा सेलमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, मॅफ-ए आणि पीडीएक्स-1 दोन्ही प्रमोटरवरून उतरायला लागतात आणि इन्सुलिन बनायचंच मंदावतं. काही पेशी मरतात, पण काही मरत नाहीत, नुसती ओळख विसरून बसतात. म्हणून नव्याने सापडलेल्या टाइप 2 पेशंटची साखर खूप चढलेली असेल तर आम्ही कधीकधी सुरुवातीलाच थोडे आठवडे इन्सुलिन देतो. 2008 साली लॅन्सेटमध्ये चीनचा अभ्यास आला होता, अशा सुरुवातीच्या इन्सुलिननंतर वर्षभराने निम्म्याच्या आसपास लोक औषधाशिवाय कंट्रोलमध्ये होते, गोळ्यांवर सुरुवात केलेल्यांत साधारण पाव. लोकांना वाटतं एकदा इन्सुलिन लागलं म्हणजे आयुष्यभर लागलं, आणि त्या भीतीने नेमकं ज्या वेळी ते कामाचं असतं त्या वेळी नको म्हणतात. (हे वाचून कोणी स्वतःच सुया सुरू किंवा बंद करू नका, आपापल्या डॉक्टरला विचारा.)

कडू_कारलं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की सकाळी कारल्याचा रस घेतला की इन्सुलिनचा झोपलेला जीन जागा होतो. खरं का?

ओपीडीवाली_ताई

काका, वर दादांनी सांगितलंय की तो जीन झोपलेला नसतोच. लॅबच्या डिशमधल्या पेशींवर अर्क ओतून काहीतरी दिसणं आणि माणसाच्या पोटातून जाऊन स्वादुपिंडात तेच होणं यात फार अंतर आहे. कारलं भाजी म्हणून खा, आवडत असेल तर. गोळी मात्र चालू ठेवा, रस आणि गोळी मिळून साखर खाली गेली तर चक्कर येऊन पडाल.

चिमणीची_आई

माझी मुलगी टाइप 1 आहे, दुसरीत आहे. मी कॉमर्सची, वरचं निम्मं डोक्यावरून गेलं पण शेवटपर्यंत वाचलं. एवढंच विचारायचंय, तिच्या बाकीच्या पेशींत हा जीन आहेच तर तो तिथे चालू करता येत नाही का? आणि तिच्या जीनमध्ये काही बिघाड आहे का, म्हणजे आमच्याकडून गेलाय का?

आयलेटवाला

ताई, तिचा इन्सुलिनचा जीन बहुतेक अगदी ठणठणीत असणार. टाइप 1 मध्ये बीटा सेलना शरीराची प्रतिकारशक्तीच मारते, जीन बिघडलेला नसतो.

या जीनचा एक धागा टाइप 1 शी जुळतो तो वेगळाच आहे, आणि मला तो फार रोचक वाटतो. जीनच्या साधारण 600 बेस मागे 14-15 अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, त्याला व्हीएनटीआर म्हणतात. काही लोकांत तो तीस-चाळीस-पन्नास वेळा येतो, काहींत दीडशे-दोनशे वेळा. लांबवाला असेल तर टाइप 1 पासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. का, तर 1997 मध्ये दोन गटांनी दाखवलं की लांब व्हीएनटीआर असेल तर स्वादुपिंडात इन्सुलिन उलट किंचित कमी बनतं, पण थायमसमध्ये दोन ते तीन पट जास्त बनतं. थायमस म्हणजे छातीतली ती जागा जिथे टी सेलना आपलं काय परकं काय ते शिकवतात. तिथे इन्सुलिन भरपूर दिसलं की इन्सुलिनवर उठणाऱ्या टी सेल तिथेच निकालात निघतात. म्हणजे 'इन्सुलिन फक्त बीटा सेलमध्ये' याला एक अपवाद आहे आणि तोच अपवाद माणसाला वाचवतो.

आता हे तुमच्याकडून गेलं का? आखूड प्रत लोकसंख्येत इतकी सर्रास आहे की ती असलेल्या बहुसंख्य लोकांना टाइप 1 कधीच होत नाही. असे डझनावारी छोटे धोके एकत्र येतात आणि वर बाहेरचं काहीतरी निमित्त लागतं. तुम्ही काही दिलं किंवा केलं म्हणून झालेलं नाही हे.

दुसऱ्या पेशीत चालू करायचं तर नुसता जीन चालून भागत नाही. साखर मोजणं, प्रोइन्सुलिन कापणं, ग्रॅन्यूलमध्ये साठवणं, वेळेवर सोडणं आणि मुख्य म्हणजे वेळेवर थांबणं, हे सगळं लागतं. लिव्हरमध्ये नुसता जीन घालून दिला आणि तो थांबायचंच विसरला तर साखर कोसळेल. म्हणून लोक आता अख्खी बीटा सेलच बनवायच्या मागे आहेत. 2024 मध्ये चीनच्या डेंग होंगकुई यांच्या गटाने 'सेल' मध्ये छापलं, टाइप 1 असलेल्या एका बाईच्या स्वतःच्याच पेशींपासून स्टेम सेल बनवल्या, त्यांच्यापासून आयलेट बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले, अडीच महिन्यांत तिची इन्सुलिनची सुई सुटली. पण एक मोठी मेख आहे, तिचं आधीच ट्रान्सप्लांट झालेलं असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच होती. ती औषधं एका लहान मुलीला यासाठी द्यावीत असं मी तरी म्हणणार नाही. हल्ला कसा थांबवायचा हा प्रश्न सुटेपर्यंत सेन्सर आणि सुई यावरच भर द्या, आणि कोणी परदेशात स्टेम सेलचं पॅकेज विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

चिमणीची_आई

खूप खूप आभार. तुमच्याकडून गेलं नाही हे वाक्य तिच्या आजीला वाचून दाखवणार आहे आज.

माणदेशी_माणूस

मी सायन्सचा नाही, शेतकरी आहे, पण डायबिटिस घरात तिघांना आहे म्हणून वाचतोय. आमच्याकडं 72 च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. आता माणसं अंगानं वाळलेली, पोटं मात्र पुढं, आणि चाळिशीत साखर. कुठंतरी वाचलं होतं की उपासमार पुढच्या पिढीच्या जीनवर लिहिली जाते. ह्या इन्सुलिनच्या जीनवर पण असं काही लिहिलं जातं का ओ?

आयलेटवाला

दादा, या धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न तुमचा, आणि त्याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा हात आहे.

आधी माणसांचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपली बाळं वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्या वजनाच्या मानाने चरबी मात्र टिकवलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं शरीर, तुम्ही जे वाळलेलं अंग आणि पुढं आलेलं पोट म्हणताय तेच.

मग उंदरांचं. 2015 साली 'सेल मेटाबॉलिझम' मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात याज्ञिकही होते. रॅटना 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेलं. पिल्लं कमी वजनाची, पोटात चरबी जास्त, आणि बीटा सेल मारणारं स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं तर डायबिटिस व्हायची शक्यता नेहमीच्या रॅटच्या 8 पट. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं. तरी सुधारलं नाही. आणि त्यांनी इन्सुलिन-2 जीनचा प्रमोटर तपासला, म्हणजे आपण वर ज्याच्याबद्दल बोलतोय तोच तुकडा, तर तिथल्या एपिजेनेटिक खुणा बदललेल्या होत्या, आणि दोन पिढ्या पोटभर खाऊनही त्या पुसल्या गेल्या नाहीत.

पण एक लक्षात घ्या, या रॅटच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं, शरीर त्याला दाद देत नव्हतं. म्हणजे 'उपासमारीने इन्सुलिनचा जीन बंद पडला' असं सरळ सांगता येत नाही. आणि 50 पिढ्या म्हणजे माणसाची हजार वर्षं, एका 72 शी त्याची तुलना होत नाही. मात्र आपल्याकडे दुष्काळ काही एकच पडलेला नाही, हेही तुम्हाला मी सांगायला नको.

माणदेशी_माणूस

दुर्गादेवीच्या दुष्काळापास्नं मोजलं तर सहाशे वर्षं झाली की. चालू द्या तुमचं, वाचतोय.

झोपाळू_बायोटेक

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न, प्रॅक्टिकलचा. प्रोजेक्टला एमआयएन6 (लॅबमध्ये वाढवलेली बीटा सेलची लाइन) सेल आहेत. कमी आणि जास्त ग्लुकोजमध्ये सहा-सहा तास ठेवून आरटी-पीसीआर (आरएनए मोजायची टेस्ट) केलं तर इन्सुलिनच्या एमआरएनएमध्ये फरकच दिसत नाहीये. गाइड म्हणतात प्रायमर बदल. प्रायमरचाच प्रॉब्लेम असेल का? मेल्ट कर्व्हला एकच पीक येतंय.

आयलेटवाला

एकच पीक येतंय म्हणजे प्रायमर बहुधा काम करतोय, तू मोजतेयस ते चुकीचं आहे. ज्या एमआरएनएचा हाफ-लाइफ एक ते तीन दिवसांचा, त्याचा साठा सहा तासांत काय हलणार? आधीचाच ढीग एवढा मोठा आहे की नवीन भर त्यात दिसत नाही. ट्रान्स्क्रिप्शनचा वेग बघायचा असेल तर प्री-एमआरएनए मोज, म्हणजे एक प्रायमर इंट्रॉनमध्ये टाक. स्प्लाइस व्हायच्या आधीचा आरएनए फार वेळ टिकत नाही, त्यामुळे या क्षणी किती बनतंय ते त्यावरून कळतं, फरक तास-दोन तासांतसुद्धा दिसायला हवा.

दोन गोष्टी सांभाळ. एमआयएन6 माउसची, आणि माउसला इन्सुलिनचे जीन दोन, इन्स1 आणि इन्स2. इन्स1 हा इन्स2 च्या अर्धवट स्प्लाइस झालेल्या आरएनएवरून परत जीनोममध्ये घुसलेली प्रत आहे, म्हणून त्याला दुसरा इंट्रॉन नाहीच. प्रायमर दुसऱ्या इंट्रॉनमध्ये टाकलास तर फक्त इन्स2 दिसेल, ते चालेल पण रिपोर्टात तसं लिही. आणि इंट्रॉनचा प्रायमर जीनोमिक डीएनएवर पण तेवढाच खुशीने चालतो, म्हणून डीएनेज ट्रीटमेंट नीट कर आणि आरटी न घातलेला कंट्रोल प्रत्येक सॅम्पलला लाव, एका सॅम्पलला लावून भागवू नको.

शिवाय सेल कितव्या पॅसेजच्या आहेत (किती वेळा नव्या प्लेटवर पसरवल्यात) ते बघ. जुन्या झालेल्या एमआयएन6 ग्लुकोजला नीट दाद देत नाहीत. आणि कमी ग्लुकोजवाल्या सेल आधी रात्रभर 25 मिलिमोलरच्या नेहमीच्या मीडियात होत्या का? असतील तर आधी सगळ्याच प्लेट रात्रभर कमी ग्लुकोजवर ठेव आणि मग निम्म्या वर ने.

झोपाळू_बायोटेक

हो, 25 मध्येच होत्या. उद्या सकाळी लॅबला जाऊन पहिल्यांदा मीडिया बदलते. इन्स2 च्या दुसऱ्या इंट्रॉनचे प्रायमर डिझाइन करून इथेच टाकू का बघायला?

आयलेटवाला

टाक. रविवारी बघतो.